एक वैद्य, दहा रोगी आणि एकच बैठक

दुखणी दोन जातींची असतात. पहिली जात पाहुण्याची. हिवताप येतो, हाडे खिळखिळी करतो आणि योग्य औषध पोटात गेले की आल्या वाटेने निघून जातो. मोडलेला हात प्लास्टरमधून बाहेर निघाला की माणूस पुन्हा नांगराला हात घालतो. दुसरी जात घरजावयाची! एकदा उंबरठ्याच्या आत आली की ती बाहेर पडावयाचे नाव घेत नाही. मधुमेह, रक्तदाब, दमा, संधिवात, काचबिंदू, आणि आमच्या या वैनगंगेच्या खोऱ्यात व बैहरच्या डोंगरपट्टीत अनेक कुटुंबांना ठाऊक असलेला सिकलसेल, ही सारी या दुसऱ्या जातीची दुखणी होत. त्यांच्याबरोबर जन्मभर नांदावयाचे असते, आणि नांदावयाचे कसे हे कोणीतरी शिकवावे लागते.

वाचकहो, येथे आपण थोडा हिशेब मांडून पाहू. मधुमेहाचा रोगी तीन महिन्यांतून एकदा डॉक्टरांकडे गेला आणि त्याला प्रत्येक वेळी पाच मिनिटे मिळाली, असे धरून चालू. वर्षाकाठी वीस मिनिटे झाली. उरलेले सबंध वर्ष तो आपल्या घरी, आपल्या शेतावर असतो. ताटात भात किती वाढून घ्यावा, गोळी आज घ्यावी की उद्यावर टाकावी, चिखलात अनवाणी उतरावे की नाही, हे तो स्वतःच ठरवितो. म्हणजे त्याचा खरा वैद्य तोच, आणि या वैद्याचे शिक्षण मात्र वीस मिनिटांत उरकलेले! त्यातून आमचा बालाघाट हा धानाचा मुलूख. येथील चिन्नोर तांदळाला 2021 साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आम्हां सर्वांस अभिमान आहे. अशा ठिकाणी ‘भात कमी खा’ एवढे तीन शब्द सांगून कोणाचे पथ्य होणार?

दवाखान्यातील चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. लांजी, कटंगी, बैहर येथून पहाटेच्या बसने निघावे, बालाघाटला येऊन चिठ्ठी काढावी, रांगेत उभे राहावे. कोणी सीमा ओलांडून गोंदियास जातो, ज्याच्याजवळ भाड्याचे पैसे असतील तो नागपूर गाठतो. आपला क्रमांक लागेपर्यंत दुपार होते. आत गेल्यावर घरून ठरवून नेलेला प्रश्न आठवत नाही. आठवला तरी साहेबांच्या पाठीमागे उभी असलेली गर्दी पाहून विचारवत नाही. औषधे घेऊन माणूस परततो आणि दोन महिन्यांनी बरे वाटू लागले म्हणून ती बंद करतो. रक्तदाबाचे सर्वांत मोठे कपट हेच आहे की, तो दुखत नाही. न दुखणाऱ्या रोगासाठी रोज गोळी का घ्यावी, हे ज्याला कोणी नीट समजावून सांगितले नाही, तो ती सोडणारच; आणि मग एके दिवशी अर्धांगवायूचा झटका आला म्हणजे घरातील मंडळी दैवाला बोल लावतात. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मोठ्या पाहणीत देशातील मधुमेहींची संख्या दहा कोटींवर गेल्याचे दिसून आले. इतक्या रोग्यांना प्रत्येकी अर्धा तास देतील एवढे डॉक्टर कोठून आणावयाचे?

या प्रश्नाला जगात ठिकठिकाणी एक उत्तर शोधले गेले आहे, आणि ते आमच्या वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेख. ते उत्तर म्हणजे गटाने भेट. एकाच आजाराचे आठ-दहा रोगी ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी एका खोलीत वर्तुळाकार बसतात. परिचारिका प्रत्येकाचे वजन, रक्तदाब, रक्तातील साखर मोजून त्याच्या कागदावर लिहिते. मग डॉक्टर एकेकाचा कागद हाती घेऊन त्याच्याशी बोलतात, आणि इतर ऐकतात. ज्याला उघड्यावर दाखविता येणार नाही असे काही असेल त्याची तपासणी शेजारच्या खोलीत, पडद्याआड होते. प्रत्येकाचे औषध त्याचे त्यालाच लिहून मिळते. सारे मिळून तास-दीड तास लागतो. डॉक्टरांच्या घड्याळाप्रमाणे प्रत्येकाच्या वाट्याला पूर्वीइतकीच मिनिटे आली. परंतु रोग्याच्या घड्याळाप्रमाणे त्याला दीड तास मिळाला. हे व्याख्यान नव्हे, हे ध्यानात ठेवावे. व्याख्यान ऐकून माणसे माना डोलावतात आणि घरी जातात.

समजा, आमच्याच एखाद्या गावी अशी बैठक भरली आहे. एका काकांची साखर काही केल्या उतरत नाही. भात तर त्यांनी निम्म्यावर आणला, असे ते शपथेवर सांगतात. तेवढ्यात शेजारच्या मावशी विचारतात, ‘पण भाऊ, पेज किती वेळा पिता?’ सकाळी एक वाडगा, दुपारी शेतावरून आल्यावर एक. पेज हे पाणीच, असे समजून काकांनी ती कधी मोजलीच नव्हती, आणि डॉक्टरांनी तर ती विचारलीच नसती, कारण शहरात वाढलेल्या डॉक्टरला पेजेचे स्मरण कोठून व्हावे? दुसऱ्या एका बाईंना इन्सुलिन घ्यावे लागते. घरी शीतकपाट नाही. तिसरा रोगी सांगतो की, आपण ओल्या वाळूत मातीचे मडके बसवून त्यात बाटली ठेवतो, आणि डॉक्टर मान हलवून सांगतात की ही युक्ती चांगली आहे, वाळू मात्र ओलीच राहिली पाहिजे. चौथ्याच्या तळव्याला काटा रुतून जखम झाली आहे आणि त्याला ती जाणवलीदेखील नाही. ती जखम पाहून उरलेले नऊ जण त्याच रात्री कंदिलाच्या, विजेच्या, ज्याच्या घरी जो असेल त्या उजेडात आपापले तळवे तपासतील, यात आम्हांला तरी शंका वाटत नाही.

ही कल्पना नवी आहे असे मात्र कोणी समजू नये. तिचा उगम सव्वाशे वर्षांच्या घरात गेलेला आहे. 1905 साली अमेरिकेतील बॉस्टन शहरी जोसेफ प्रॅट नावाच्या एका तरुण डॉक्टराने क्षयरोग्यांचा एक वर्ग सुरू केला. वर्ग हाच शब्द त्याने वापरला. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागावयास अजून जवळजवळ चार दशके होती. श्रीमंत रोगी डोंगरावरील आरोग्यधामात जाऊन विश्रांती, दूध व मोकळी हवा यांवर बरे होण्याची आशा करीत. गरिबाने काय करावे? प्रॅटने ठरविले की, आरोग्यधामाची शिस्त गरिबाच्या घरीच न्यावयाची. रोग्याने गच्चीवर, ओसरीत किंवा तंबूत, उघड्या हवेत निजावे; किती तास विश्रांती घेतली, ताप किती होता, काय खाल्ले हे रोज एका वहीत लिहावे; आणि आठवड्यातून एकदा सर्वांनी वह्या घेऊन एकत्र जमावे. तेथे वजन होई, वह्या पाहिल्या जात, ज्याचे वजन वाढले त्याचे कौतुक होई आणि ते पाहून खचलेल्याला धीर येई. मधल्या दिवसांत एक परिचारिका घरोघर जाऊन विचारपूस करी. या उपक्रमाचा खर्च बॉस्टनच्या इमॅन्युएल चर्चने उचलला, आणि त्यामागे तेथील धर्मगुरू एल्वुड वूस्टर यांचा पुढाकार होता. निरनिराळ्या वंशांची व धर्मांची माणसे त्या वर्गात बसत. एकाच दुखण्याने त्यांना एकत्र बांधले आहे, असे प्रॅटला दिसून आले. आम्हांला या साऱ्या हकिगतीत ती वही सर्वांत मोलाची वाटते. ज्या रोगावर औषध नाही त्या रोगाच्या रोग्याला प्रॅटने एक काम दिले, आणि त्या कामाची दखल घेणारी माणसे दिली.

पुढे परिणामकारक औषधे निघाली आणि वर्ग मागे पडले. गोळी मिळू लागल्यावर बैठकीची काय आवश्यकता, असे सर्वांनाच वाटले असावे. परंतु क्षय हटला तसे दीर्घ मुदतीचे आजार पुढे आले, आणि 1990 नंतरच्या दशकात अमेरिकेत जॉन स्कॉट यांनी कोलोरॅडो राज्यात वृद्धांसाठी, तर एडवर्ड नॉफसिंगर यांनी कॅलिफोर्नियात गटभेटी पुन्हा सुरू केल्या.

त्याच सुमारास, 1996 साली, इटलीतील तुरीन येथे मधुमेहींवर एक प्रयोग सुरू झाला. तुरीन म्हणजे संत जॉन बॉस्कोचे नगर. मुलांना एकत्र जमवून, खेळवून, शिकवून माणूस करणाऱ्या त्या गुरूच्या गावी प्रौढ रोग्यांची शाळा भरावी, हा योगायोग आम्हांला गमतीचा वाटतो. तेथील विद्यापीठाच्या डॉक्टरांनी 112 रोगी घेतले. निम्म्यांना नेहमीप्रमाणे एकेकटे तपासले, निम्म्यांना नऊ-दहा जणांच्या गटांत दर तीन महिन्यांनी बोलाविले. कोणाला कोणत्या बाजूस टाकावयाचे हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरविले, म्हणजे पक्षपात राहू नये. पाच वर्षांनंतर पाहता, एकेकटे तपासल्या गेलेल्यांची साखर हळूहळू वाढत गेली होती, आणि गटातील रोग्यांची होती तेथेच राहिली होती. मधुमेह हा काळाबरोबर बळावणारा रोग असल्यामुळे पाच वर्षे तो एका जागी थांबविणे ही लहान गोष्ट नव्हे. रोगाविषयीचे ज्ञान आणि जगण्यातील समाधान यांतही गटातील रोगी पुढे होते.

परदेशातील गोष्ट आपल्याकडे कशी लागू पडावी, अशी शंका कोणी घेईल. म्हणून आता पुदुच्चेरीकडे वळू. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी 1976 साली मदुराईस स्थापन केलेल्या अरविंद नेत्रालयाची एक शाखा तेथे आहे. त्या शाखेत काचबिंदूच्या सुमारे एक हजार रोग्यांवर हीच परीक्षा घेण्यात आली व तिचे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. काचबिंदू हाही न दुखणारा चोर आहे. तो दृष्टी कडेकडेने कुरतडत आत येतो, गेलेली दृष्टी परत मिळत नाही, आणि उरलेली राखण्यासाठी डोळ्यांत रोज थेंब घालीत राहावे लागते. येथेही काही रोग्यांना एकेकटे व काहींना लहान गटांत तपासण्यात आले. गटातील रोगी अधिक संतुष्ट होते, त्यांना रोगाची माहिती अधिक होती आणि त्यांनी थेंब घालण्याचा नेमही अधिक चांगला पाळला. चार लोकांत आपला माणूस संकोचेल, तोंड उघडणार नाही, ही आपली सर्वांची समजूत. प्रत्यक्षात बैठकींच्या चित्रफिती तपासल्यावर असे आढळले की, गटातील रोग्यांनी मिनिटामागे सुमारे एक-तृतीयांश अधिक प्रश्न विचारले! एकाने धीर केला की दुसऱ्याला कंठ फुटतो, हे आमच्या ग्रामसभांतही आपण पाहतोच.

महाराष्ट्रात याच्याशी नाते सांगणारे काम पूर्वीच झालेले आहे. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या मराठी ख्रिस्ती दांपत्याने 1970 साली अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे आपला आरोग्य प्रकल्प उभारला, आणि 1979 साली त्यांना मॅगसेसे पारितोषिक मिळाले. त्यांनी गावोगावच्या, बहुतेक अक्षरशत्रू असलेल्या स्त्रियांना आरोग्यसेविका केले. त्या स्त्रियांनी शेतकरी मंडळे व महिला मंडळे यांच्या जोरावर बाळंतपणापासून कुष्ठरोगापर्यंतचे प्रश्न चार माणसांत बसून हाताळले. ज्या कुष्ठरोग्याला गाव शिवेबाहेर ठेवी, त्याच्या आजाराची चर्चा गावाच्या बैठकीत होऊ लागली. आजच्या गटभेटीहून हे निराळे खरे, पण रोगाचे ज्ञान डॉक्टरच्या कपाटात कुलूपबंद राहावयाचे नाही, हे जामखेडने आमच्या भाषेत सिद्ध करून दाखविले.

आता त्या आजाराकडे येऊ, ज्याच्यासाठी हे सारे लिहावे असे आम्हांस मनापासून वाटत होते.

सिकलसेलमध्ये रक्तातील गोल, लवचिक तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या व ताठर होतात. त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की हाडांत, पोटात, छातीत असह्य कळा येतात. मूल रात्र रात्र ओरडते, आणि बाहेरून पाहता सूज नाही, जखम नाही, काही नाही. 1910 साली शिकागोचे डॉ. हेरिक यांनी या पेशींचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. भारतात 1952 साली निलगिरीच्या आदिवासींत त्या आढळल्या. या दोषाचा एकच वारसा आईकडून वा बापाकडून आला तर माणूस केवळ वाहक असतो, रोगी नसतो, आणि अशा वाहकास बालपणी घातक हिवतापापासून काही संरक्षण मिळते, हे 1954 साली अँथनी ॲलिसन यांनी दाखवून दिले. म्हणूनच जेथे पिढ्यान्‌पिढ्या जंगल आणि हिवताप होता, तेथेच हा दोष टिकून राहिला. आमच्या मुलखात तो का, याचे उत्तर यात आहे; कोणाच्या पापात किंवा करणीत नाही. तो आदिवासींत आहे, अनुसूचित जातींत आहे, इतर समाजांतही आहे. आई व बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणी मूल रोगी निघण्याचा संभव चारांत एक असतो, वाहक निघण्याचा चारांत दोन.

1 जुलै 2023 रोजी आमच्याच प्रांतातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा प्रारंभ झाला. 2047 पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून उरू नये, असे तिचे उद्दिष्ट असून 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी तिच्यात योजिली आहे. तपासणी होते, हाती कार्ड पडते. पण पुढे काय? येथेच घरचे शिक्षण हवे. पाणी भरपूर पाजावे, थंडीत तलावाच्या गार पाण्यात मुलाला उतरू देऊ नये, ताप आला तर उद्याची वाट न पाहता दवाखाना गाठावा, डॉक्टरांनी हायड्रॉक्सीयुरिया दिले असेल तर कळा नसतानाही ते रोज द्यावे व रक्त वेळेवर तपासून घ्यावे. हे सर्व एका आईने दुसऱ्या आईला सांगितले तर जेवढे मनावर ठसते, तेवढे छापील पत्रकाने ठसत नाही.

आणि येथेच मोठी अडचण आहे. मुलीला सिकलसेल आहे, नव्हे, ती नुसती वाहक आहे, एवढे कळले तरी सोयरीक मोडते. अशा स्थितीत तिची आई दहा जणींच्या बैठकीत का येईल? तिच्या भीतीला आम्ही अडाणीपणा म्हणणार नाही. खेड्यात भिंतींना कान असतात आणि विहिरीवरच्या गोष्टी बाजारापर्यंत पोहोचतात. म्हणून गटभेटीच्या काही अटी आहेत. कोणालाही तिची सक्ती नसावी. ज्याला एकट्याने भेटावयाचे असेल त्याला तसे भेटता यावे. येथे ऐकलेले येथेच ठेवू, असे प्रत्येकाने, सोबत आलेल्या नातलगानेसुद्धा, आरंभीच कबूल करावे. सिकलसेलसारख्या आजाराचा गट एकाच गावचा न करता पाच-सहा गावांचा करावा, म्हणजे रोजचे शेजारी समोरासमोर येणार नाहीत. वाहक आणि रोगी यांतील भेद तर प्रत्येक बैठकीत पुन्हा सांगावा. वाहक मुलगी निरोगी असते. नवरा वाहक किंवा रोगी नसेल तर तिच्या पोटी सिकलसेलचा रोगी सहसा जन्माला येत नाही. लग्न ठरविण्यापूर्वी दोन्ही घरांनी रक्त तपासून घेतले तर दोष एकट्या मुलीच्या माथी येणार नाही.

दुसरा एक धोका आम्हांला स्पष्ट सांगितला पाहिजे. आमच्या दवाखान्यांत आजही एका टेबलाभोवती दहा रोगी उभे असतात आणि एकाचे गुपित नऊ जण ऐकतात. त्याला कोणी गटभेट म्हणू लागले तर ती शुद्ध थट्टा होईल. ती गर्दी आहे. गर्दीत प्रत्येकाला आपला नंबर पुढे सरकावा असे वाटते. गटात दुसऱ्याचे बोलणे संपू नये असे वाटते. गटासाठी बसावयास जागा लागते, ठरलेली वेळ लागते, तीच माणसे पुन्हा पुन्हा भेटावी लागतात आणि ऐकून घेणारा डॉक्टर लागतो. डॉक्टर कमी आहेत म्हणून गरिबांना एकत्र कोंबा, अशा हिशेबाने कोणी ही योजना आणील तर आम्ही तिला विरोधच करू.

असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात रुग्ण-साहाय्य गटांची तरतूद आहे, आणि आशा कार्यकर्तीने असे गट जुळवावेत अशी त्यात अपेक्षा आहे. उपकेंद्रांना आता आयुष्मान आरोग्य मंदिर हे नाव मिळाले आहे, व तीस वर्षांवरील माणसांचा रक्तदाब व साखर तेथे तपासली जाते. म्हणजे काठी आहे, दोरी आहे. गाठ मारावयाची तेवढी उरली आहे. जागेचे म्हणाल तर शाळेची ओसरी चालेल. मोजावयास वजनकाटा व रक्तदाबाचे यंत्र, लिहावयास प्रत्येकाची एक वही. ज्याला लिहिता येत नाही त्याची वही शाळेत जाणारी नात लिहील, आणि नात लिहू लागली की आजोबांची गोळी चुकणे कठीण! प्रत्येक बैठकीला डॉक्टर येऊ शकले नाहीत तरी तिमाहीस एकदा येतील, एरवी केंद्रातील आरोग्य अधिकारी व आशाताई यांनी ती चालवावी.

दिवस मात्र विचारपूर्वक नेमावा. बाजाराचा दिवस बाहेरगावच्यांना सोयीचा. पण बाजार आटोपला की बसची घाई असते, तेव्हा बैठक सकाळी, खरेदीपूर्वी व्हावी. रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गटाने उन्हाळ्यातच सुरुवात केली तर बरे, कारण त्या वेळी शेतकऱ्यास सवड असते. सिकलसेलच्या गटाला थंडी पडण्यापूर्वीची बैठक चुकवून चालणार नाही. आणि रोवणीच्या दिवसांत कोणीच येणार नाही, हे आधीच धरून चालावे. त्या महिन्यापुरती आशाताईने बांधावर जाऊन वह्या पाहाव्यात व चिखलात उभ्या असलेल्यांना पाय दाखवावयास सांगावे.